बारा आणि पंधरा नंबरच्या पिना

जुन्या कॉम्प्युटरवर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपशी बोलणारा प्रोग्राम, बसवायचा म्हणजे आधी त्या चिपला तिचं नाव विचारायचं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या काळ्या टर्मिनलवर ‘एलएसपीसीआय’ एवढं टाइप केलं की मदरबोर्डवर बसलेलं जे जे काही आहे ते आपापली ओळख सांगतं. नागपूरच्या महाल भागातल्या एका अभ्यासिकेत मी ज्या मशीनपुढे बसलो होतो त्यानं ग्राफिक्सच्या ओळीत सांगितलं, ८०८६:२५६२.

कोलनच्या अलीकडचा आकडा कंपनीचा, पलीकडचा त्या चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ साली आलेल्या आपल्या प्रोसेसरचाच नंबर कंपनीनं ओळखपत्रावर घेतला. एस३ नावाच्या जुन्या ग्राफिक्स कंपनीनं याहून गंमत केली. तिचा नंबर ५३३३, आणि कॉम्प्युटरच्या अक्षर-तक्त्यात ५३ म्हणजे ‘एस’ आणि ३३ म्हणजे ‘३’. सही करून टाकली आहे पठ्ठ्यांनी. तर आमची २५६२ म्हणजे ८४५जी, पेन्टियम ४ च्या जोडीला २००२ साली आलेला चिपसेट. ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, मुख्य रॅममधूनच उसनी घेऊन चालवायचं. त्या काळात निम्म्या सरकारी कचेऱ्यांमध्ये असलीच मशीनं असायची, आणि ही मशीनं कचेरीतूनच आली होती.

अभ्यासिका बडकस चौकाच्या आतल्या गल्लीत. चालवणारे काका हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. तलाठी, लिपिक, पोलीस भरती, काय वाट्टेल त्या परीक्षेची पोरं-पोरी तिथे बसतात. कोणी उमरेडचं, कोणी भंडाऱ्याचं, एखादी गडचिरोलीकडची. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मिनिटाला मराठी ३० शब्दांचं नाहीतर इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. सरावाला मशीन पाहिजे, आणि प्रत्येकाच्या खोलीवर कॉम्प्युटर असतोच असं नाही. काकांच्या जुन्या ओळखीतून एका कार्यालयानं निर्लेखित केलेली, म्हणजे वापरातून काढलेली, मशीनं मिळाली. मॉनिटर मात्र काकांनी सीताबर्डीच्या बाजारातून सेकंडहँड घेतले, साडेअठरा इंची, रुंद, १३६६ बाय ७६८ चे.

“चालते का पाहून घे फक्त,” काका म्हणाले. “इंटरनेट-बिंटरनेट नाही पाहिजे. पोट्टे तेच पाहत बसतात.”

चालायला तर सगळी चालली. बत्तीस बिटांचं डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार), वर एक हलकासा डेस्कटॉप, आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक तर लिनक्समध्ये मुळातच असतो. टायपिंगच्या सरावाला याहून जास्त काही लागत नाही. पण पडदा १०२४ बाय ७६८ वर अडला होता. रुंद मॉनिटरनं ते चित्र ओढून-ताणून आपल्या अंगभर पसरवलं होतं. काका बराच वेळ चश्मा वर-खाली करत पाहत राहिले.

“हा ‘ळ’ असा काऊन फुगून राहिला बे?”

हसलो, पण बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं त्यांनी. उभ्या दिशेला ७६८ ठिपके पाठवले आणि मॉनिटरलाही तितकेच आहेत, त्यामुळे शिरोरेषा सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ. आडव्या दिशेला मात्र १०२४ ठिपके १३६६ घरांत बसवायचे, म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला सव्वा-दीड घर. अर्धं घर रंगवता येत नाही, मग मॉनिटर त्याला करड्या रंगानं सारवतो. काना एका जागी बारीक, दोन अक्षरं सोडून जाडा. ‘सर्वांना’ हा शब्द मी मुद्दाम मोठ्यानं वाचून टाइप केला. काना, त्याच्या डोक्यावर रफार, रफाराच्या कुशीत अनुस्वार. तिन्ही मिळून एक करडा डाग. अनुस्वार आहे की नाही हे डोळ्यानं सांगता येईना. इंग्रजी अक्षरं त्या पडद्यावर बऱ्यापैकी निभावून जात होती. मराठीला ते परवडत नाही, आमचं निम्मं व्याकरण ओळीच्या वरच्या दोन मिलिमीटरांत राहतं. आणि टायपिंगच्या परीक्षेत राहिलेला अनुस्वार चूक म्हणूनच मोजतात, मॉनिटर खराब होता म्हणून सूट नाही.

अशा वेळी बहुतेक जण ड्रायव्हर बदलायच्या मागे लागतात. हा काढ, तो टाक, सगळं पुन्हा नव्यानं बसव. मला ते पटत नाही. आधी नोंदवही वाचावी. लिनक्सवर पडदा सांभाळणारा जो एक्स सर्व्हर आहे तो प्राचीन आहे, १९८४ साली एमआयटीत सुरू झालेला. त्याची अकरावी आवृत्ती १९८७ ची, आणि अजूनही तीच अकरावी चालू आहे. पण या म्हाताऱ्याची एक सवय फार चांगली. प्रत्येक वेळी सुरू होताना तो काय पाहिलं, काय केलं, सगळं लिहून ठेवतो, आणि प्रत्येक ओळीपुढे ही माहिती कुठून आली त्याची खूण करतो. कंसात दोन आडव्या रेघा म्हणजे हे यंत्रानं स्वतः सांगितलं. दोन फुल्या म्हणजे हे मालकानं फाइलीत लिहून ठेवलंय. दोन बरोबरची चिन्हं म्हणजे कोणीच काही बोललं नाही म्हणून मी आपलं गृहीत धरलं. लोक या नोंदवहीत ‘ईई’ शोधतात, म्हणजे चूक. मी बरोबरची चिन्हं शोधतो. बिघाड जास्त करून गृहीत धरलेल्या गोष्टींत सापडतो.

इथे ड्रायव्हर बरोबर लागला होता, चिप बरोबर ओळखली होती, मेमरी घेतली होती. चूक एकही नाही. फक्त ज्या ओळीखाली मॉनिटरची माहिती यायला हवी तिथे काहीच नव्हतं.

मॉनिटर मुका नसतो. त्याच्या पोटात एक छोटी मेमरी असते आणि तिच्यात १२८ बाइटांची ओळखचिठ्ठी, ईडीआयडी. १९९४ पासून ही पद्धत आहे. बनवणाऱ्याचं तीन अक्षरी नाव, कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात बनला, कोणती चित्रं दाखवू शकतो, हे सगळं त्यात. शेवटचा बाइट असा निवडलेला की सगळ्यांची बेरीज २५६ नं पुरती भागली जावी, म्हणजे वाटेत काही बिघडलं तर कळतं. ही चिठ्ठी मॉनिटरला चित्र नेणाऱ्या व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून येते. एकीवर माहिती, दुसरीवर ताल. ती वाचायला लागणारी वीज ९ नंबरच्या पिनेवरून कॉम्प्युटरच पुरवतो, त्यामुळे मॉनिटर बंद असला तरी चिठ्ठी वाचता येते.

पण चित्र दिसायला या दोन पिनांची काहीच गरज नाही! लाल, हिरवा, निळा या १, २, ३. आडवा आणि उभा ताल, म्हणजे नवी ओळ आणि नवं चित्र कधी सुरू करायचं याचा इशारा, १३ आणि १४ वर. बाकी जमिनीच्या तारा. एवढ्यावर झकास चित्र येतं. म्हणून स्वस्तातल्या लांब केबलमध्ये १२ आणि १५ ची तार बऱ्याचदा घातलेलीच नसते. दुकानात लावून दाखवली तर चालते, मग गिऱ्हाईक तक्रार तरी काय करणार?

काकांनी पोरं लाथा मारतात म्हणून सगळी सीपीयू टेबलाखालच्या कुलूपबंद कपाटात ठेवली होती आणि प्रत्येक मॉनिटरपर्यंत पाच मीटरची वाढीव केबल नेली होती. मल्टीमीटर बीपवर ठेवला आणि एकेक पीन तपासली. एक, दोन, तीन, बीप. तेरा, चौदा, बीप. बारावर टोक टेकवलं, आवाज नाही. घासून पाहिलं, नाही. पंधरा, नाही. शेजारची केबल घेतली, तीही तशीच. काका पाठीमागे उभे होते.

“म्हणजे केबल बाद?”

“बाद नाही काका, अर्धी आहे. बदलली तर प्रश्नच मिटला.”

“बदलता येत नाही. सुतारानं फळीला भोकं पाडून आतून नेली, वरून सनमायका लावला. आता केबल बदलायची तर आधी सुताराला बोलवा, मग टेबल नवीन करा.”

मग राहिला दुसरा रस्ता. चिठ्ठी येत नसेल तर चिठ्ठीत जे लिहिलेलं असतं ते आपण हातानं सांगायचं. याला मोडलाइन म्हणतात. नुसती आकड्यांची एक ओळ असते, आणि मला ती लिहायला आवडते. आजकाल ती लिहायची वेळ कोणावर येत नाही, म्हणूनही असेल.

साधी १०२४ बाय ७६८ ची घ्या: ६५.००, मग १०२४ १०४८ ११८४ १३४४, मग ७६८ ७७१ ७७७ ८०६. पहिला आकडा म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष ठिपके पाठवायचे, इथे ६५ दशलक्ष, म्हणजे साडेसहा कोटी. पण ओळीत दिसणारे ठिपके १०२४ असताना शेवटी १३४४ कशासाठी? शेतात वखर चालताना पाहिला असेल तर हे लगेच कळतं. वखराचं तास धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, गेलं की बैल वळवायला जागा सोडावी लागते, तिथे मशागत होत नाही पण वेळ जातो. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत उजव्या काठाला पोचला की त्याला परत डावीकडे आणायला असाच वेळ लागायचा. १०४८ वर इशारा सुरू, ११८४ वर इशारा संपला, १३४४ वर नवी ओळ. तळाशीही तेच, ७६८ ओळी दिसतात आणि ८०६ मोजतात. आता हिशेब करा. साडेसहा कोटीला १३४४ नं भागा, सेकंदाला ४८,३६३ ओळी येतात. त्याला ८०६ नं भागा, बरोबर ६०. सेकंदाला साठ चित्रं. सपाट मॉनिटरमध्ये झोत नाही, वळायचं काही नाही, तरी व्हीजीए केबलवरून जाणाऱ्या चित्रात ही रिकामी जागा ठेवावीच लागते.

काचेच्या मॉनिटरच्या काळात या आकड्यांची भीती असायची. मॉनिटरला झेपेल त्याहून जास्त वेगाचा ताल दिला तर तो बारीक शिट्टीसारखा आवाज काढायचा, आणि त्यातही हट्ट केला तर काही जुने मॉनिटर कायमचे बसायचे. त्या वेळच्या कागदपत्रांमध्ये तशी स्पष्ट सूचना असे. आताचे मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी दाखवतात आणि गप्प बसतात.

१३६६ चा आकडा मात्र मुळातच अवलक्षणी. व्हीजीएच्या जमान्यात आडवी मोजणी आठ-आठ ठिपक्यांच्या अक्षरांत व्हायची, आणि १३६६ ला आठनं भाग जात नाही. मोडलाइन काढून देणारी सीव्हीटी नावाची आज्ञा आहे. तिला १३६६ मागितलं तर ती १३६८ चं उत्तर देते. ते वापरलं तर चित्र येतं, पण दोन ठिपके कुठेतरी कोंबले जातात आणि पुन्हा कान्याला करडी किनार. पडद्यांची प्रमाणं ठरवणाऱ्या व्हेसा या मंडळाच्या तक्त्यात १३६६ ची स्वतंत्र ओळ आहे, तीच वापरावी: ८५.५०, १३६६ १४३६ १५७९ १७९२, ७६८ ७७१ ७७४ ७९८, दोन्ही ताल अधिक चिन्हाचे.

ही ओळ एक्सच्या सेटिंगच्या फाइलीत लिहायची, आणि ती फाइल अगदी लहान. मॉनिटरच्या भागात ही ओळ, मॉनिटर किती ते किती वेग झेलतो त्याच्या दोन ओळी, आणि हेच चित्र पहिल्या पसंतीचं असं सांगणारी एक. एक बारकावा आहे, ज्यात लोक तासन्‌तास अडकतात. इंटेलचा स्वतःचा ड्रायव्हर त्या जोडणीला ‘व्हीजीए१’ म्हणतो, आणि सगळ्यांसाठीचा ‘मोडसेटिंग’ ड्रायव्हर तिलाच ‘व्हीजीए-१’ म्हणतो. मधल्या आडव्या रेघेचा फरक. नाव जुळलं नाही तर तुमची फाइल वाचली जाते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं, चूकही दाखवत नाही.

ती फाइल ठेवून एक्स पुन्हा सुरू केला. पडदा एकदा काळा झाला, मॉनिटरच्या आत कुठेतरी टक्‌ झालं, आणि ‘सर्वांना’ हा शब्द समोर आला. काना, रफार, अनुस्वार, तिघं वेगवेगळे. एक पोरगी सराव सोडून उठून बघायला आली, आणि आधी तिनं माझ्या मशीनवर बसायची परवानगी मागितली.

हे सगळं जमलं, कारण या चिपला ओळखणारं कोणीतरी अजून आहे. ८४५जी चा कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर अजून जागेवर आहे. सगळ्यांचं नशीब असं नसतं. सिस कंपनीच्या चिपचा ड्रायव्हर बरीच वर्षं थॉमस विनिशहोफर या ऑस्ट्रियन माणसानं जवळजवळ एकट्यानं सांभाळला. त्यानं हात काढल्यावर नंतरच्या ६७१ सारख्या चिप वाऱ्यावर पडल्या. व्हिया कंपनीच्या युनिक्रोम चिपच्या ड्रायव्हरचं काम लुक व्हेरहॅगननं उभं केलं, त्यातून ओपनक्रोम फुटलं, आणि पुढे केव्हिन ब्रेस ते ओढत राहिला. हजारो-लाखो मशीनं एका माणसाच्या रिकाम्या संध्याकाळींवर चालतात, हे मला या क्षेत्रातलं सगळ्यात विचित्र सत्य वाटतं. चिपमधली वाळू तशीच्या तशी असते, ती म्हातारी होत नाही. तिला काय सांगायचं हे ज्याला माहीत होतं तो नोकरी बदलतो, त्याला मुलं होतात, किंवा त्याच्याकडचं तसलं शेवटचं मशीन बिघडतं आणि तपासून पाहायला काही उरत नाही.

मग एक दिवस काढून टाकायचा निर्णय होतो. मेसा म्हणजे लिनक्सवरच्या त्रिमितीच्या (थ्रीडी) ड्रायव्हरांचा संच. २०१२ च्या मेसा ८.० मधून आय८१०, सॅव्हेज, सिस, युनिक्रोम, थ्रीडीएफएक्स यांचे त्रिमितीचे ड्रायव्हर गेले. २०२२ च्या मेसा २२.० मधून आमच्या ८४५जी चाही गेला. २०२३ च्या लिनक्स ६.३ मध्ये कर्नलमधले तसलेच जुने साफ केले. काढणाऱ्यांना मी दोष देत नाही. जे कोणी तपासू शकत नाही ते ठेवणं म्हणजे घरात न उघडलेली खोली ठेवणं, सुरक्षेची भोकं तिथेच पडतात. टायपिंगला त्रिमिती लागत नाही म्हणून आम्ही वाचलो, एवढंच.

काकांकडे एक मशीन होतं ज्याच्या चिपला कोणीच ओळखत नव्हतं. तिथे व्हेसाचा सर्वसाधारण ड्रायव्हर लावला. तो चिपशी बोलतच नाही, कार्डावरच्या बायोसला, म्हणजे चिपसोबतच आलेल्या मूळ प्रोग्रामला, विचारतो, ‘तुझ्याकडे कोणकोणती चित्रं आहेत?’ बायोस मोजकीच नावं सांगतं, आणि त्या काळच्या बायोसला रुंद मॉनिटर माहीतच नसतात. इंटेलच्या जुन्या चिपवरही पूर्वी हाच घोळ होता. २००५ च्या सुमारास ९१५रेझोल्यूशन नावाचं एक लहानसं औजार निघालं होतं. ते रॅममधल्या बायोसच्या प्रतीत घुसून यादीतलं एक नको असलेलं चित्र खोडायचं आणि त्या जागी रुंद चित्र लिहायचं. मूळ बायोस तसंच, त्यामुळे मशीन बंद केलं की सगळं विसरलं, पुढच्या वेळी पुन्हा खाडाखोड. २००७ मध्ये इंटेलचा ड्रायव्हर स्वतःच चित्र ठरवायला शिकला आणि २००९ पासून ते काम कर्नलमध्ये गेलं, तेव्हा ते औजार बाजूला पडलं. लबाडी होती, पण किती सुंदर लबाडी! या अनोळखी चिपसाठी तसलं काहीच नाही. त्या मशीनला काकांच्या माळ्यावरचा जुना चौकोनी मॉनिटर लावला, १०२४ बाय ७६८ चा. जसं चित्र तसाच पडदा, तिथेही अनुस्वार स्वच्छ.

ड्रायव्हरपेक्षा मला काळजी वाटते ती नागपूरच्या उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बंद कपाटात सीपीयू. त्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवरचे वीज साठवणारे कपॅसिटर मुळातच कच्चे होते, आणि कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. मी प्रत्येक बोर्डावर टॉर्च मारून त्यांची डोकी पाहिली. सपाट असेल तर ठीक, फुगलेलं असेल तर बदलायला काढायचं. दोन बदलले. कपाटाची मागची फळी काढायला लावली, त्यावर काका जरा नाराज होते. कूलरची हवाही सरळ मशीनवर नको, ओलसर हवेत धूळ मिसळली की पंख्यावर जाड थर बसतो आणि तो ब्रशनंही निघत नाही.

“किती वर्ष चालतील मग?” काकांनी विचारलं.

डेबियन १२ ला २०२८ च्या जूनपर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायच्या आहेत, आणि डेबियन १३ तर बत्तीस बिटांच्या मशीनवर बसवताच येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. इंटरनेट नसल्यानं तशी घाई नाही, हेही सांगितलं.

“२०२८ पर्यंत यातल्या निम्म्या पोरी नोकरीला लागतील,” काका म्हणाले. “पुढचं पुढे पाहू.”

जाण्याआधी एका कागदावर सगळं लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. चिपचा नंबर, फाइल कुठे आहे ते, मोडलाइनचे आकडे, आणि रेघ नसलेलं ‘व्हीजीए१’, खाली दोनदा अधोरेखित. माझ्यानंतर कोणी आलं तर त्याला पुन्हा मल्टीमीटर घेऊन टेबलाखाली शिरायला नको. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्याच कागदाखाली काकांनी लाल पेनानं, सरकारी वळणाच्या अक्षरात, दोन ओळी वाढवलेल्या होत्या: ‘कूलरमध्ये पाणी सकाळी ८ वाजता भरणे. कपाट उघडे ठेवू नये.’